रुळांवरची माणसं का खचली? रेल्वेतली देखभाल-कपात, फेररचना आणि कर्मचाऱ्यांचं मनोबल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेल्वेच्या पी-वे खात्यात, म्हणजे रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) आणि खडी सांभाळणाऱ्या खात्यात, सुपरवायझर होतो. निवृत्त झालो तरी गँगमधल्या पोरांचे फोन येतात. त्यांच्या घरचे विचारतात, लोकलने जाणारे शेजारी विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. या सगळ्यामागे माझं म्हणणं एकच आहे. देखभाल खात्यातला माणूस खचला तरी कामावर येतच राहतो, पण दिसलेला दोष सांगायचं सोडून देतो. रेल्वेला सर्वांत महागात पडतं ते हेच.

रेल्वेतली माणसं खरंच कमी झाली, की नुसती ओरड आहे?

खरंच कमी झाली. १९९०-९१ साली रेल्वेत साधारण साडेसोळा लाख कर्मचारी होते. आज हा आकडा बारा लाखांच्या आसपास आहे. त्याच काळात वर्षाची मालवाहतूक सुमारे ३२ कोटी टनांवरून २०२३-२४ मध्ये सुमारे १५९ कोटी टनांवर गेली. मालगाड्या लांब आणि जड झाल्या, प्रवासी गाड्यांचा वेग वाढला, दोन गाड्यांमधलं अंतर कमी झालं. म्हणजे रूळ पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मार खातो आणि त्याच्याकडे बघणारे डोळे कमी झाले आहेत.

जून २०२३ मध्ये माहिती अधिकारातून जे उत्तर मिळालं, त्यानुसार क गटातली सुमारे पावणेतीन लाख पदं रिकामी होती, आणि त्यातली १.७ लाखांहून अधिक सुरक्षिततेशी थेट संबंध असलेल्या वर्गांतली होती. ट्रॅकमन, पॉइंट्समन, सिग्नलचे मेंटेनर, लोको पायलट हे सगळे त्यात येतात.

प्रत्येक कपात चुकीची होती असं मी म्हणणार नाही. वाफेची इंजिनं गेली तेव्हा कोळसा भरणारे हात लागेनासे झाले, तिकिटं संगणकावर आली तेव्हा खिडक्या कमी झाल्या. तिथे तंत्र बदललं म्हणून माणूस कमी लागला. रुळाच्या देखभालीत मात्र पुष्कळ ठिकाणी माणूस आधी गेला आणि तंत्र मागाहून आलं, काही ठिकाणी तर अजून यायचं आहे.

पद ‘सरेंडर’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

दरवर्षी वर्क स्टडी होते. कुठल्या डेपोत किती माणसं लागतात ते ठरलेल्या यार्डस्टिकने मोजतात आणि जास्त वाटलेली पदं कमी करतात. २०१५-१६ ते २०२०-२१ या सहा वर्षांत क आणि ड गटातली ७२ हजारांहून अधिक पदं अशी रद्द झाली.

यातला एक प्रकार मला नोकरीत असतानाही पटला नाही. एखादं पद दोन-तीन वर्षं भरलं जात नाही. उरलेली माणसं रेस्ट म्हणजे हक्काची सुटी सोडून, जादा बीट (ज्याला-त्याला नेमून दिलेला रुळाचा पट्टा) चालून ते काम ओढतात. मग कागदावर असं दिसतं की माणूस नसतानाही काम अडलेलं नाही, आणि तोच पुरावा धरून पद रद्द करतात. गँगमधला माणूस हे बघत असतो. आपण जीव तोडून गाडा ओढला म्हणून आपल्याच सोबत्याची जागा कायमची गेली, हे एकदा त्याच्या लक्षात आलं की पुढच्या वेळी त्याने जीव का तोडावा?

पण आता मशीन आहेत ना? मग माणसं कशाला हवीत?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

मशीन आहेत आणि चांगली आहेत. पूर्वी गँगमन पिकावाने खडी ठोकून स्लीपरखाली भरत. आता टॅम्पिंग मशीन रूळ उचलून, सरळ करून खडी दाबून देतं, आणि हातांनी तेवढं एकसारखं काम होत नाही. अल्ट्रासॉनिक तपासणीत रुळाच्या पोटातला तडा कळतो, जो डोळ्याला कधीच दिसत नाही. हे मी मनापासून मान्य करतो.

पण मशीनला चालायला ब्लॉक लागतो, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद ठेवाव्या लागतात. गर्दीच्या मार्गांवर तो मिळवताना नाकी नऊ येतात. तीन तासांचा मागितलेला ब्लॉक दीड तासावर येतो, त्यातली पंधरा-वीस मिनिटं मशीन जागेवर नेण्यात आणि परत आणण्यात जातात. शिवाय मशीनच्या आधी गँगला खडी ओढून द्यावी लागते, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या ढिल्या क्लिपा बसवाव्या लागतात, वाकडे झालेले स्लीपर चौकोनात घ्यावे लागतात. मशीन गेल्यावर मागचं आवरायलाही गँगच लागते. गँग अर्धी असेल तर मशीनचं कामही अर्ध्या गुणाचंच होतं.

आणि रोज बघण्याचं काम कुठलंही मशीन करत नाही. ते कीमन करतो, ज्याला आमच्याकडे चावीवाला म्हणतात. त्याच्या खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत झेंड्या आणि डेटोनेटर, म्हणजे गाडी वरून गेली की फुटून चालकाला इशारा देणारे फटाके. बीटवर जाताना एका रुळाकडे बघत जायचं, येताना दुसऱ्या. ब्रॉडगेजवर एका किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर असतात. एका स्लीपरवर चार क्लिपा, म्हणजे किलोमीटरला ६,६४० क्लिपा झाल्या. त्यातली कुठली निसटली, कुठला लायनर तुटला, कुठल्या वेल्डजवळ खडी पांढरी पडून पिठासारखी झाली, हे त्याच्या नजरेला कळतं. पांढरी खडी दिसली की खालचा स्लीपर गाडीगणिक खालीवर होतोय हे समजायचं. हातोड्याचा ठोका बसला की घट्ट क्लिप एका आवाजात बोलते आणि ढिली दुसऱ्या. हे शिकायला दोन-तीन पावसाळे आणि एक जाणता मुकादम लागतो.

थंडीत पहाटे रूळ आकसतो, तेव्हा तडा गेलेली जागा उघडते. तो तडा पहिल्यांदा बघणारा बहुतेक वेळा हाच माणूस असतो. जागेवर लाल झेंडी रोवायची, येणाऱ्या गाडीच्या दिशेने पळत सुटायचं, ६०० मीटरवर एक डेटोनेटर आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन लावायचे, हे त्याने एकट्याने करायचं असतं. अशा माणसाची बीट दुप्पट केली, किंवा गँगला हात कमी पडतात म्हणून त्याला खडी ओढायला लावलं, तर त्या दिवशी त्या रुळाकडे कोणी पाहिलेलं नसतं.

मनोबल घसरलं आहे हे कशावरून म्हणता? नाराजी तर सगळीकडेच असते.

नाराजी वेगळी आणि खचणं वेगळं. नाराज माणूस भांडतो. तो हजेरीला टूल रूमवर येऊन मुकादमाशी वाद घालतो, युनियनच्या पोराला बोलावतो, साहेबासमोर उभा राहतो. अशा गँगची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी वाटते ती सगळं शांत असलेल्या गँगची.

दोष सापडल्यावर काय होतं ते बघा. कीमनने एखादी जागा खराब असल्याचं लेखी दिलं की सुपरवायझरला त्यावर काहीतरी करणं भाग पडतं. माणसं आणि साहित्य असेल तर तो दुरुस्त करतो. नसेल तर कॉशन ऑर्डर लावतो, म्हणजे तिथून गाड्या तासाला तीस किंवा वीस किलोमीटरनेच जातील. कॉशन लागलं की गाड्या लेट, गाड्या लेट झाल्या की कंट्रोलचा, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाचा फोन, वरून विचारणा, दर दोन तासांनी एकच प्रश्न की कॉशन कधी काढताय. हाताशी माणसं नसलेला सुपरवायझर मग कीमनला म्हणतो, लिहू नकोस, तोंडी सांग, बघतो मी. तो बघतोही. पण दहा ठिकाणांचं तोंडी सांगितलेलं किती दिवस लक्षात राहणार?

दोन-चार वेळा असं झालं की कीमन तोंडीही सांगत नाही. त्याची डायरी स्वच्छ होत जाते. रोज तेच वाक्य, सेक्शन ठीक. कागद बघणाऱ्याला वाटतं, वा, सेक्शन सुधारला. डायरीतले दोष कमी आणि रुळातले दोष तेवढेच, हे मी खचण्याचं सर्वांत खरं लक्षण मानतो. रजेचे अर्ज वाढणं, आजारपणाची सर्टिफिकेटं येणं, बदल्यांच्या विनंत्या साचणं, तरुण पोरांनी ड्युटी संपल्यावर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पळणं हेही दिसतंच. पण ते मोजता येतं, गप्प बसणं मोजता येत नाही.

अपघात तर कमी झाले आहेत. मग एवढी चिंता कशाला?

गंभीर रेल्वे अपघात २०१४-१५ मध्ये १३५ होते, २०२४-२५ मध्ये ३१. घट खरी आहे आणि तिचं श्रेय नाकारू नये. ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची क्रॉसिंग जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली, सिग्नल यंत्रणा सुधारली, नवे एलएचबी डबे आले, पुष्कळ रूळ बदलले. या कामात खालच्या माणसांचाही घाम आहे.

तरीही २०२२ च्या डिसेंबरमध्ये संसदेत मांडलेला कॅगचा (सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेचा) रुळावरून घसरण्याच्या घटनांवरचा अहवाल वाचायला हवा. २०१७-१८ ते २०२०-२१ या काळात २१७ गंभीर अपघात झाले, त्यातले १६३ गाडी घसरल्याचे. गंभीर नसलेल्याही धरून घसरण्याच्या सगळ्या घटनांच्या चौकशी अहवालांत ४२२ प्रकरणं इंजिनिअरिंग खात्याकडे बोट दाखवत होती आणि त्यातल्या १७१ प्रकरणांत कारण होतं रुळाची देखभाल. ट्रॅक रेकॉर्डिंग कारने ज्या तपासण्या व्हायला हव्या होत्या, त्यांत ३० ते १०० टक्के तूट आढळली. एखाद्या ठिकाणी १०० टक्के तूट म्हणजे तिथे ती तपासणी झालीच नाही.

पैसे नाहीत म्हणून देखभाल कमी होते का?

अंशतः. २०१७-१८ मध्ये राष्ट्रीय रेल संरक्षा कोष सुरू झाला, पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये सुरक्षिततेवर खर्च करायचं ठरलं. रेल्वेने त्यात दरवर्षी स्वतःच्या कमाईतून ५,००० कोटी घालायचे होते, ते जमलं नाही. कॅगने हेही दाखवलं की रूळ बदलण्यावरचा खर्च २०१८-१९ मध्ये सुमारे ९,६०८ कोटी होता, तो पुढच्याच वर्षी ७,४१७ कोटींवर आला. आणि याच कोषातून क्रोकरी, पाय दाबायची यंत्रं असल्या गोष्टींवर खर्च झाल्याची नोंदही त्या अहवालात आहे.

पावसाळ्यात फाटक्या रेनकोटावर गस्त घालणाऱ्या पॅट्रोलमनला ही बातमी त्याच्या फोनवर दिसते. त्याला कोट्यवधींचे हिशोब कळोत न कळोत, आपल्याला वेळेवर बूट मिळाले नाहीत हे त्याला कळतं.

फेररचना म्हणतात ती कुठली?

एकच नाही, एकामागून एक आल्या. २०१७ मध्ये रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. २४ डिसेंबर २०१९ ला मंत्रिमंडळाने अधिकाऱ्यांच्या आठ वेगवेगळ्या अ गट सेवा एकत्र करून एकच व्यवस्थापन सेवा करायचं ठरवलं आणि रेल्वे बोर्डही आटोपशीर केलं. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिग्नल या खात्यांची आपसातली भांडणं मिटावीत हा हेतू चांगला होता. भांडणं आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. पुढे तांत्रिक ज्ञान असलेले अधिकारी कमी पडतात असं दिसलं आणि २०२४ मध्ये अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून वेगळी भरती पुन्हा सुरू करायचं ठरलं.

खालच्या कामगाराला यातलं फारसं कोणी समजावून सांगितलं नाही. विद्युतीकरण वेगाने झालं तेव्हा डिझेल शेडमधल्या फिटरची वीस-पंचवीस वर्षांची विद्या बाजूला पडली. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर बिघडलाय ते सांगणारा माणूस, त्याला पन्नाशीत विजेच्या इंजिनाचं ट्रेनिंग घ्यायला बसवलं. शिकणं वाईट नाही, बहुतेक जण शिकलेही. पण आपली शेड राहणार की जाणार, आपण इथे राहणार की दुसऱ्या डिव्हिजनला जाणार, मुलांची शाळा मध्येच सोडायची का, याचं उत्तर महिनोन्‌महिने मिळत नाही, तेव्हा माणूस आतून पोखरला जातो. माझ्या मते कपातीने जेवढं नुकसान झालं, तेवढंच या टांगत्या ठेवण्याने झालं.

कंत्राटदाराला काम दिलं तर काय बिघडलं?

काही कामं कंत्राटावर द्यायला हरकत नाही. खडी टाकणं, गवत काढणं, नवीन रूळ पसरणं. कंत्राटी मजूरही कष्टाळू असतो आणि अनेकदा आमच्या माणसांपेक्षा वाईट परिस्थितीत राबतो, हे आधी बोललं पाहिजे. अडचण तपासणीच्या कामात येते. ज्याला पुढच्या महिन्यात दुसऱ्या साइटवर जायचं आहे, त्याला ही जागा दर पावसाळ्यात बसते हे कसं कळणार?

आता गाड्यांच्या बाबतीतही मोठा बदल येतोय. वंदे भारत स्लीपर गाड्यांच्या कंत्राटात गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनीच त्या ३५ वर्षं सांभाळायच्या आहेत. त्यातल्या काही गाड्या लातूरच्या कारखान्यात व्हायच्या आहेत. मराठवाड्यात काम येतंय याचा आनंद आहे. पण डेपोतला रेल्वेचा टेक्निशियन विचारतो की उद्याच्या गाड्यांना हात लावायचा अधिकारच मला नसेल तर मी इथे कशासाठी आहे? याला अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

बाहेरच्या देशांनी हे करून पाहिलं आहे का?

ब्रिटनचं उदाहरण जवळून अभ्यासण्यासारखं आहे. तिथे नव्वदच्या दशकात रेल्वेचं खाजगीकरण झालं. रूळ रेलट्रॅक या कंपनीकडे गेले आणि देखभाल कंत्राटदारांकडे. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफिल्डजवळ भरधाव गाडीखाली रुळाचे तुकडे झाले, चौघे गेले. त्या रुळाला तडे आहेत हे आधीच माहीत होतं, बदलायचा रूळही आणून ठेवलेला होता. मालक एक, तपासणारा दुसरा, बदलणारा तिसरा, यात ते काम लांबलं. २००२ मध्ये पॉटर्स बारला पॉइंट्सच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या) देखभालीतल्या दोषामुळे सात जण गेले. रेलट्रॅक तोवर बुडाली होती आणि तिच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलने २००३ मध्ये रुळांची देखभाल कंत्राटदारांकडून काढून स्वतःच्या माणसांकडे घ्यायचं ठरवलं.

त्यांच्याकडे आणखी एक चांगली सोय आहे. रेल्वे कामगाराला नाव गुप्त ठेवून धोका कळवता येईल अशी स्वतंत्र व्यवस्था त्यांनी उभी केली. आपल्याकडे तशी भरवशाची व्यवस्था हवी, असं मी नोकरीत असताना सांगत होतो आणि आजही सांगतो.

रुळावर काम करताना किती जण दगावतात?

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यात नोंद आहे की २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी काम करताना मेले आणि ८,७०० जखमी झाले. त्याच काळात रेल्वे अपघातांत गेलेल्यांपेक्षा ही संख्या जास्त होती. त्यांच्यासाठी मेणबत्त्या लागल्या नाहीत, कारण ते एकेक करून, वेगवेगळ्या किलोमीटरवर गेले.

आपल्याच भागातलं सांगतो. १३ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ रुळावर काम करणारे चार ट्रॅकमेंटेनर टॉवर वॅगनखाली सापडून गेले. ती टॉवर वॅगन विजेच्या तारांच्या दुरुस्तीची, म्हणजे रेल्वेचीच. संतापलेल्या सहकाऱ्यांनी त्या दिवशी गाडी अडवली. २२ जानेवारी २०२४ ला रात्री वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नल खात्याचे तिघे लोकलखाली गेले. सिग्नलचा बिघाड काढायला गेले होते. बिघाड दुरुस्त झाला नसता तर हजारो प्रवासी लटकले असते, म्हणून ते रात्री तिथे होते.

कीमनसाठी रक्षक नावाचं उपकरण आलं आहे, गाडी जवळ आली की ते इशारा देतं. चांगलं आहे, सगळ्या बीटवर पोचलं पाहिजे. पण माणसं पुरेशी असली की एकाला फक्त गाडी बघायला उभं करता येतं. गँग तुटपुंजी असली की बघणाराच हातात सब्बल (पहार) घेतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि त्या वेळी छातीत धडधडायचं.

शिकलेली पोरं ट्रॅकवर येतात, मग टिकत का नाहीत?

कारण ती ट्रॅकवर यायला निघालेलीच नसतात. लेव्हल १, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या २०१९ च्या जाहिरातीत १ लाख ३ हजारांहून अधिक जागा होत्या आणि अर्ज एक कोटीच्या वर गेले. परीक्षा झाली २०२२ मध्ये. तीन वर्षं थांबलेला, बीएस्सी किंवा डिप्लोमा झालेला मुलगा, त्याच्या हातात बेल्चा (फावडं) येतो आणि राहायला आडवळणाच्या स्टेशनजवळची पडकी खोली. मूळ वेतन १८,००० पासून सुरू, त्यात जोखमीचा भत्ता धरून घरी पैसे पाठवता येतात. पण गावात सांगितलेलं असतं की पोरगा रेल्वेत साहेब झाला.

त्याला कामाची लाज वाटते असं म्हणणं अन्याय होईल. त्याला पुढची वाट दिसत नाही. खात्याअंतर्गत परीक्षेने दुसऱ्या खात्यात जायची सोय आहे, पण निवड झाल्यावरही जागेवर बदली माणूस नाही म्हणून सोडत नाहीत. मुकादमाने दोन पावसाळे घालून तयार केलेला मुलगा तिसऱ्या वर्षी दुसरी नोकरी मिळवून निघून जातो, आणि गँगमध्ये उरतात ते निवृत्तीला आलेले गुडघे.

जुन्या लोकांचं एक दुःख वेगळं आहे. सुरक्षा वर्गातल्या कामगाराने लवकर निवृत्ती घेऊन मुलाला नोकरी देण्याची लार्सजेस योजना होती. ती घटनेच्या कसोटीवर टिकत नाही असं पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने म्हटलं आणि २०१७ मध्ये ती थांबली. समान संधीचा विचार केला तर निर्णय योग्यच होता. पण पन्नाशी ओलांडलेल्या, कंबर गेलेल्या ट्रॅकमनला बाहेर पडायचा सन्मानाचा मार्ग त्यानंतर दुसरा दिला गेला नाही.

साहेबांच्या बंगल्यावर ट्रॅकमन असतात, हे खरं आहे का?

होतं. २०१७ मध्ये रेल्वे मंत्रालयाने अशा सगळ्यांना कामाच्या जागी परत पाठवायला सांगितलं आणि हजारो माणसं परत आली. २०२० मध्ये बंगला प्यूनच्या नव्या नेमणुकाही थांबवल्या. गँग अर्धी असताना त्यातला एक जण बागेला पाणी घालतोय, यापेक्षा मन मोडणारी गोष्ट नव्हती, म्हणून हा आदेश मला मोलाचा वाटतो.

बायका आता ट्रॅकवर काम करतात. त्यांचं काय?

सेक्शनमध्ये मैलोन्‌मैल शौचालय नसतं. कपडे बदलायला टूल रूमखेरीज आडोसा नसतो. भरती करताना याचा विचार आधी व्हायला हवा होता. प्रत्येक टूल रूमला पाणी, दार लागणारं शौचालय आणि दिवा द्यायला कुठली समिती लागत नाही.

अपघातानंतर खालच्यालाच का पकडतात?

१७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. काही तासांतच दोष मालगाडीच्या लोको पायलटवर टाकला गेला. तो त्या धडकेत गेलेला होता, बोलू शकत नव्हता. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल बंद असताना द्यायच्या कागदपत्रांतला आणि कर्मचाऱ्यांच्या समुपदेशनातला गोंधळ बाहेर आला.

मुंबईत ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. नोव्हेंबरमध्ये लोहमार्ग पोलिसांनी रुळाच्या देखभालीच्या मुद्द्यावरून अभियंत्यांवर गुन्हा दाखल केला. त्याविरुद्ध ६ नोव्हेंबरला सीएसएमटीवर आंदोलन झालं, संध्याकाळच्या गर्दीत लोकल थांबल्या, आणि रुळावरून चालत निघालेल्या प्रवाशांना सँडहर्स्ट रोडजवळ लोकलने उडवलं. त्या आंदोलनाची वेळ मला पटली नाही, आजही पटत नाही. गेलेल्यांच्या घरच्यांना तर न्याय मिळालाच पाहिजे, आणि खरी हलगर्जी असेल तर शिक्षाही. पण माणसं मागितली, ब्लॉक मागितला, साहित्य मागितलं, हे ज्याने लेखी दिलं, त्याचे ते कागद तपासात आधी पाहिले पाहिजेत. नाहीतर पुढचा माणूस एकच धडा घेतो, की कमीत कमी लिहायचं.

युनियन काय करतात?

जेवढं करतात त्याहून जास्त अपेक्षा आहे, आणि रास्त आहे. १९७४ च्या मे महिन्यातल्या वीस दिवसांच्या संपाची आठवण सांगून आजच्या गँगचं पोट भरत नाही. पगार-भत्त्यांइतक्याच जोराने पीएनएमच्या, म्हणजे प्रशासन आणि युनियनच्या ठरलेल्या बैठकीत गँगची संख्या, बूट, रेनकोट, क्वार्टरची गळती आणि सुटीचे दिवस हे विषय लावून धरावेत.

वरिष्ठांनी उद्यापासून काय करावं, ज्याला मोठा पैसा लागत नाही?

कॉशन लावलं म्हणून सुपरवायझरला झापणं बंद करावं. दोष लिहिणाऱ्या कीमनचं नाव महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर घ्यावं. ठरलेला ब्लॉक द्यावा. ५२ आठवडे आधी ब्लॉकचं वेळापत्रक करण्याची पद्धत २०२३ पासून नियमात आली आहे, ती पाळली तरी पुष्कळ होईल. रेस्टच्या दिवशी माणसाला बोलावू नये. बदल करायचा असेल तर टूल रूमवर येऊन, मराठीत किंवा हिंदीत, समोर बसून सांगावा, आणि निर्णय झाला नसेल तर तसंही सांगावं.

साहेब ट्रॉलीवरून तपासणीला यायचे तेव्हा त्यांतले एक-दोघे उतरून गँगबरोबर चालायचे. त्यांच्या काळात आम्ही चुका लपवल्या नाहीत.

माझा नवरा ट्रॅकवर आहे. तो घरी काहीच बोलत नाही, चिडतो, झोपत नाही. काय करू?

ताई, हे बऱ्याच घरांत आहे. पहाटेची गस्त, रात्रीचा ब्लॉक आणि दिवसा तापलेल्या पत्र्याखाली झोप, यात माणूस चिडका होतो. त्याला आधी सलग झोप मिळेल असं बघा. कामावरचा सोबती रुळावर मेलेला बघितला असेल तर तो धक्का नुसता वेळ गेला म्हणून ओसरत नाही. रेल्वे हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा, नुसतं ‘डोकं दुखतं’ म्हणू नका. दारू वाढत असेल तर लपवू नका. नॉमिनेशन आणि कुटुंबाच्या नोंदी पूर्ण आहेत का, हे दोघांनी मिळून एकदा तपासा. अभद्र वाटतं, पण कागद अपुरे असलेल्या घरांची फरफट मी पाहिली आहे.

मी साधा प्रवासी आहे. मी काय करू शकतो?

रविवारचा मेगाब्लॉक असेल तेव्हा त्या दिवसाचा बेत आधी आखा; त्या चार-पाच तासांत तुमच्या सोमवारच्या गाडीखालचा रूळ दुरुस्त होत असतो. रुळावर काम करणाऱ्यांवर गाडीतून बाटल्या, कचरा फेकू नका. भरधाव गाडीतून आलेली भरलेली बाटली डोक्यात बसली तर माणूस जागीच कोसळतो.

आणि रुळाला तडा, वाहून गेलेली खडी, रुळावर पडलेलं झाड किंवा दरड दिसली, तर जवळच्या गेटमनला किंवा स्टेशन मास्तरला लगेच सांगा. ते जवळ नसतील तर १३९ वर फोन करा. विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा नंबर रंगवलेला असतो, एकाखाली एक असे दोन आकडे. ते दोन्ही सांगा, अप लाइन की डाउन ते माहीत नसेल तर गाड्या कुठल्या गावाकडे जातात ते सांगा, आणि स्वतः रुळापासून लांब उभे राहा. एवढं कळलं की स्टेशन मास्तर त्या सेक्शनमध्ये पुढची गाडी सोडणार नाही आणि गँग थेट त्या जागी पोचेल.